संगणकाशी खेळून कॅरो-कानची तयारी कशी करावी?

प्रश्न (नेरूळ)
नमस्कार. पांढऱ्याने ई४ खेळल्यास मी काळ्याकडून नेहमी कॅरो-कान हे ओपनिंग, म्हणजे डावाची ठरावीक सुरुवात (१. ई४ सी६, २. डी४ डी५), खेळतो. आमच्या सोसायटीत बुद्धिबळाचा जोडीदार मिळत नाही आणि ठाण्याला खेळायला जाणे रविवारशिवाय जमत नाही, त्यामुळे माझा सराव संगणकाशीच होतो. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम (इंजिन) पूर्ण ताकदीने लावला, तर ओपनिंग व्यवस्थित पार पडूनही डाव हळूहळू हातचा जातो. खालच्या पातळीवर लावला, तर तो मध्येच विनाकारण घोडा देऊन टाकतो. विशेषतः पांढऱ्याच्या ३. ई५ नंतर मी उंट एफ५ वर आणला, की पुढचा बेत सुचत नाही. सराव कसा आखावा?

उत्तर (नौपाडा, ठाणे)
खालच्या पातळीवरचा स्टॉकफिश नवख्या माणसासारखा खेळत नाही. तो अधूनमधून मुद्दाम कमकुवत चाल निवडतो, म्हणून त्याच्या चुका आपल्याला पटावर प्रत्यक्ष भेटणाऱ्या चुकांशी जुळत नाहीत. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ‘माया’ नावाचे बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्राम, आहेत. ते माणसांच्या डावांवरून शिकलेले असल्याने ओपनिंगच्या सरावासाठी मला अधिक उपयोगी वाटतात.

दुसरे असे, की प्रत्येक डाव पहिल्या चालीपासून सुरू करू नये. ३... उंट एफ५ (तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल) नंतरची स्थिती पटावर मांडावी आणि तिथूनच, एकदा काळ्याकडून आणि एकदा पांढऱ्याकडून, पुन्हापुन्हा खेळावे. पांढऱ्याकडून खेळताना ४. एच४ जरूर खेळून पाहा. काळ्याने सवयीने ४... ई६ केले, तर ५. जी४ उंट ई४, ६. एफ३ उंट जी६, ७. एच५ आणि काळ्याचा उंट अडकतो. हा उंट एकदा स्वतः पकडला, की काळ्याकडून ४... एच५ का खेळतात हे पाठ करावे लागत नाही.

बेताविषयी म्हणाल, तर पांढऱ्याची डी४-ई५ ही प्यादी डोळ्यांसमोर ठेवावी. ई६ नंतर योग्य वेळी सी५ खेळून डी४ वर दाब आणणे आणि राजाकडचा घोडा ई७ मार्गे बाहेर काढणे, हा काळ्याचा मुख्य विचार असतो.

उत्तर (वाशी)
वरील मताशी सहमत आहे. डाव संपताच इंजिन लावू नये, एवढीच भर घालतो. स्थिती कुठे बदलली असे आपल्याला वाटते, ते आधी वहीत लिहावे आणि मगच पडताळावे, कारण इंजिनचा आकडा कोण वरचढ आहे हे सांगतो, पण का ते सांगत नाही.

उत्तर (घोडबंदर रोड, ठाणे)
चालींच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सहाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह कॅरो-कानच खेळला होता. सातव्या चालीला त्याने एच६ केले आणि यंत्राने ई६ वर घोड्याचा बळी दिला. एकोणीस चालींत डाव संपला. तिथे आधी उंट डी६ वर आणून मग एच६ खेळण्याची रीत आहे. ती बळीची चाल यंत्रात आधीच भरलेल्या ओपनिंगच्या संग्रहातून आली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो डाव पांढऱ्याच्या ३. घोडा सी३ च्या प्रकारातला होता; हा प्रकार आपण खेळत असाल, तर हीच स्थिती मांडून दोन्ही क्रम संगणकाविरुद्ध खेळून पाहा.

प्रश्नकर्ता (नेरूळ)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ४. एच४ ची स्थिती आज रात्रीच मांडतो. ४... एच५ नंतर पांढऱ्याने उंट डी३ खेळल्यास उंटांची मारामारी स्वीकारावी का?

उत्तर (नौपाडा, ठाणे)
स्वीकारावी. पांढऱ्याची मधली प्यादी काळ्या घरांवर आहेत, त्यामुळे पांढऱ्या घरांचा उंट हा त्याचा चांगला उंट आहे, आणि तो पटावरून गेल्याने काळ्याचे काम सोपे होते.