अनुभव धागा : काढलेला अवयव बर्फात ठेवताना

पुण्यात अवयवदान झालं की ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते, रुग्णवाहिकेचा फोटो येतो. पेटीत काय असतं ते कुणी सांगत नाही. या कामातल्या मंडळींना विनंती, किस्से राहू देत. काय, किती आणि कोणत्या क्रमाने, एवढं लिहा.

ओटी सिस्टर

नातेवाइकांची संमती आली की आधी फ्रिज बघा. अवयव आतून धुऊन थंड करायच्या द्रावणाच्या पिशव्या फ्रिजमध्ये हव्यात, फ्रीझरमध्ये नाही. ऐनवेळी कोमट पिशवी लावली तर अवयव थंड होण्याऐवजी नुसता धुतला जातो. फ्रीझरमध्ये जायच्या त्या सलाइनच्या बाटल्या, आणि त्याही काही तास आधी. गोठलेली बाटली बाहेरून हातोडीने ठेचायची, मग कापून चुरा निर्जंतुक भांड्यात ओतायचा. त्यात थंड सलाइन घालून लापशीसारखा होईपर्यंत ढवळायचं. टोकदार खडे राहिले तर यकृतावर ओरखडे उठतात, म्हणून ढवळण्यात आळस नको. मावशींना आणि मामांना आधीच सांगून ठेवा, हे भांडं कुणी हलवायचं नाही.

प्रत्यारोपण सर्जन

क्लॅम्प म्हणजे दात्याची महाधमनी बंद करणारा चिमटा. तो लावायच्या काही मिनिटं आधी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, किलोला साधारण 300 युनिट. महाधमनीत कॅन्युला, म्हणजे द्रावण सोडायची नळी, आणि नळीतली हवा पूर्ण काढलेली. महाशिरेला वाट करून दिली नाही तर द्रावण आत तुंबतं आणि अवयव फुगतो. क्लॅम्प लागला की वेळ मोठ्याने सांगायची आणि फळ्यावर लिहायची. पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर चालतं.

यूडब्ल्यू आणि एचटीके ही दोन द्रावणं. यूडब्ल्यू दाट, पोटातल्या अवयवांना चार-सहा लिटर पुरतं. एचटीके पातळ असतं, पण आठ-दहा लिटर लागतं. किती झालं यापेक्षा मी रंग बघतो. यकृत सगळीकडे सारखं फिकट व्हायला हवं आणि बाहेर येणारं पाणी निवळायला हवं. एखादा पट्टा जांभळा राहिला तर तिथे द्रावण पोचलेलं नाही. कॅन्युला फार पुढे गेली आहे का, एखादी वेगळी धमनी सुटली आहे का, ते तिथल्या तिथे बघायचं.

पित्ताशय उघडून पित्तनलिका सलाइनने धुणं अनेकजण उरकून टाकतात. आत राहिलेलं पित्त थंडीतही नलिकेचं अस्तर खातं. मूत्रपिंडाभोवतीची चरबीही बॅक टेबलवर, म्हणजे अवयव काढल्यावर बाजूच्या टेबलावर, मोकळी करावी, कारण तिच्यामुळे गारवा आतपर्यंत पोचत नाही.

पेटी भरणारा तंत्रज्ञ

तीन पिशव्या. पहिलीत अवयव, द्रावणात पूर्ण बुडालेला. हवा काढून जाड दोऱ्याने बांधायची. हवा राहिली तर अवयव वर तरंगतो आणि वरची बाजू कोरडी पडते. दुसरीत थंड सलाइन किंवा ती लापशी. तिसरी कोरडी. प्रत्येक पिशवी वेगळी बांधायची, एकत्र गाठ मारली की एक गळली तर तिन्ही गेल्या.

बर्फ पेटीच्या तळाला, चारही बाजूंना आणि वर. साध्या पाण्याचाच. कारखान्याच्या लादीचा चुराही चालतो, तो पिशव्यांच्या बाहेरच असतो. वितळता बर्फ शून्याच्या खाली जात नाही, हाच त्याचा फायदा. पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात मीठ घालतात ना, तसला खारा बर्फ पेटीत आला तर अवयव गोठेल. फ्रीझरमधून थेट काढलेले जेल पॅकही नकोत. कोरडा बर्फ तर उणे 78 अंशांचा, त्याचं नावच काढू नका. गोठलेला भाग नंतर वाचत नाही. पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होतात.

भूलतज्ज्ञ

सर्जन सरांच्या मुद्द्याला जोड. यूडब्ल्यूमध्ये पोटॅशियम लिटरला साधारण 125 मिलिमोल. यकृत न धुता रक्तप्रवाह सुरू केला तर ते सगळं थेट हृदयाकडे जातं आणि हृदय थांबू शकतं. रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना यकृत जोडून होत आलं की अल्ब्युमिन किंवा सलाइनने धुतल्याशिवाय मी क्लॅम्प सोडू देत नाही.

समन्वयक

थंडीने काम मंदावतं, थांबत नाही. 4 अंशांनाही पेशी थोडा प्राणवायू मागतातच, म्हणून प्रत्येक अवयवाची मुदत वेगळी. हृदय साधारण 4 तास, फुप्फुस 6 ते 8, यकृत 8 ते 12, मूत्रपिंड 24 किंवा थोडं जास्त. घड्याळ क्लॅम्पपासून ते नव्या शरीरात रक्त वाहेपर्यंत चालतं. हृदयाच्या 4 तासांतून काढणं-बांधणं अर्धा तास आणि तिकडे शिवणं एक तास वजा करा. प्रवासाला अडीच तास उरतात. त्यामुळे पुण्याहून मुंबईला हृदय न्यायचं तर घाटातली एक कोंडी पुरेशी आहे. मूत्रपिंडाला ही घाई नाही, तिथे क्रॉसमॅचचा, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का या चाचणीचा, अहवाल येईपर्यंत थांबता येतं.

त्या चाचणीसाठी पेटीबरोबर प्लीहेचा तुकडा आणि लसिकाग्रंथी थंड सलाइनमध्ये जातात. क्रॉसमॅचच्या रक्ताच्या नळ्या मात्र बर्फात टाकू नका, पेटीबाहेर वेगळ्या न्या. लेबलवर अवयव, डावा की उजवा, रक्तगट, दात्याचा क्रमांक आणि क्लॅम्पची वेळ. दात्याचं नाव नाही. "डावा-उजवा" राहून गेला की समोरची टीम पिशवी उघडेपर्यंत शिरेची लांबी धरून नियोजन करू शकत नाही. उजव्या मूत्रपिंडाची शीर आखूड असते.

नेत्रपेढीतून

आमचं वेगळं आहे, म्हणून थोडक्यात. नेत्रपटल (कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) मृत्यूनंतर 6 तासांत काढायचं, आणि तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस. पटल एमके नावाच्या साठवणीच्या माध्यमात 2 ते 8 अंशांत 4 दिवस टिकतं. बाटली बर्फाला टेकू द्यायची नाही, मध्ये कापडाची घडी हवी. आतल्या थरातल्या पेशी गोठल्या तर पटल धूसर होतं. माध्यमाचा रंग गुलाबी असतो. पिवळा पडला तर संसर्गाची शंका, ते पटल वापरायचं नाही.

ओटी सिस्टर

एक राहिलं. अवयव पोचल्यावर पहिल्या पिशवीतलं द्रावण ओतून देऊ नका. 10-20 मिली कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, पाठवा. त्यात जंतू निघाले तर रुग्णाचं अँटिबायोटिक त्यावरून बदलतं.