परजीवींची ओळख : जंतांच्या गोळीआधी पालकांना काय सांगावे?

सत्तरीतील शिक्षिका

नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका विद्यालयात विज्ञान शिकवते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या आधी आठवीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना माणसाच्या शरीरात राहणाऱ्या परजीवींची ओळख करून द्यावी, असे मनात आहे. हिवतापाच्या जंतूंसारखे एकपेशीय, पोटातले कृमी आणि उवांसारखे अंगावर राहणारे, हे वर्गीकरण पाठ्यपुस्तकात आहेच. परंतु त्याने पालकांच्या शंका फिटत नाहीत. गूळ खाल्ल्याने जंत होतात, आमचे घर स्वच्छ आहे तर गोळी कशाला, गोळी घेऊनही जंत पडलेले दिसले नाहीत म्हणजे ते नव्हतेच, असे प्रश्न दरवर्षी येतात. सुरुवात कुठून करावी?

निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, म्हापसा

बाई, माझे मत असे की परजीवीच्या नावापेक्षा तो शरीरात कोणत्या वाटेने येतो, तेच आधी सांगावे. वाट कळली की ती कशी अडवायची, हे पालकांना आपोआप उमगते.

गोलकृमीचे उदाहरण घ्या. त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि ती विष्ठेवाटे बाहेर पडतात. मात्र ताज्या अंड्यांनी कोणालाही लागण होत नाही. ओल्या, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिल्यावरच त्यांच्यात लागणक्षम अळी तयार होते. मग न धुतलेली भाजी किंवा मातीने माखलेली नखे यांतून ती तोंडात जातात. अळी आतड्यातून रक्तात, तेथून यकृतमार्गे फुप्फुसांत पोहोचते, श्वासनलिकेतून घशाशी चढते आणि गिळली जाऊन पुन्हा आतड्यात येते; तेथे ती वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढते. या साऱ्या प्रवासात गुळाचा कोठेही संबंध येत नाही.

अंकुशकृमी मात्र तोंडाची वाट पाहत नाही. त्याची अळी मातीत वाट पाहते आणि अनवाणी पायाच्या बोटांमधील मऊ कातडीतून आत शिरते. तेथे काही दिवस खाज सुटते आणि माणूस ती चिखल्या समजून सोडून देतो. पुढे जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अंडे फार नेटके दिसते : लंबगोल, काचेसारखे पातळ कवच, आत चार ते आठ पेशींचा झुबका आणि दोहोंमध्ये मोकळी, स्वच्छ कडा. नमुना उन्हाळ्यात दिवसभर तसाच राहिला तर त्यातून अळी बाहेर पडलेली असते, म्हणून विष्ठेचा नमुना ताजाच द्यावा, असा आमचा आग्रह असे. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन गुण येत नसेल, तर ही तपासणी जरूर करून घ्यावी.

फोंड्याचा बागायतदार

काका, आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाचे पाणी बारमाही खेळते आणि पोफळीखालची माती कधी सुकत नाही. कामाला येणारी माणसे पिढ्यान्पिढ्या अनवाणीच वावरत आली आहेत. त्यांना बूट दिले तर पुरे होईल का? दुसरे असे की आमच्या घरी मांस शिजत नाही. मग डुकराच्या फीतकृमीची चिंता आम्हाला नसावी, हे खरे ना?

एक डॉक्टर, मडगाव

भाऊ, बूट अवश्य द्या, पण त्याआधी बागेजवळ कामगारांसाठी शौचालय बांधा. विष्ठा मातीत पडलीच नाही तर अळी तयार होणार नाही.

फीतकृमीबद्दलचा आपला समज मात्र धोक्याचा आहे. अर्धे-कच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो आणि त्याला सहसा फारसा त्रासही होत नाही. पण त्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी हातावाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्यांतील अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन गाठी करतात आणि त्या माणसाला फिट येऊ लागतात. ज्याने जन्मात मांस चाखले नाही, त्यालाही हे होऊ शकते. आपल्याकडे मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, तर डॉक्टर हे कारण डोळ्यांसमोर ठेवतात.

बाई, हिवतापही आपल्या पाठात घ्यावा, कारण त्याची वाट डासाच्या सोंडेतून जाते. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हे परजीवी पाहिले. गोव्यात हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्साय हा डास गटारापेक्षा स्वच्छ पाण्यात वाढतो : उघडी टाकी, विहीर, बांधकामावर स्लॅबवर साठवलेले पाणी. हिवतापाचे व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृतात महिनोन्महिने निद्रिस्त राहतात. म्हणूनच ताप उतरला तरी त्यांना मारणाऱ्या प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा क्रम अर्धवट सोडू नये. तो सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींना जपणारे एक विकर) याची रक्ततपासणी मात्र करून घ्यावी आणि गरोदर स्त्रियांना हे औषध देऊ नये.

सत्तरीतील शिक्षिका

आपणा सर्वांची आभारी आहे. वाटेवरून सांगण्याची कल्पना फार पटली. मुलांकडून घराच्या अंगणाचा नकाशा काढून घेऊन त्यावरच या वाटा दाखवीन. गोळीनंतर जंत न दिसण्याबद्दल तेवढे सांगावे.

एक डॉक्टर, मडगाव

जंतांची जी गोळी देतात त्या अल्बेन्डाझोलमुळे कृमीला साखर शोषून घेता येत नाही आणि तो हळूहळू उपासमारीने मरतो. अंकुशकृमीसारखे बारीक कृमी विष्ठेत नुसत्या डोळ्यांना सहसा ओळखू येत नाहीत, त्यामुळे काही दिसले नाही म्हणजे जंत नव्हते, असे ठरत नाही. ही गोळी आतड्यातले कृमी मारते, पुढची लागण अडवत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि स्वच्छ घरातील मूलही शाळेच्या मैदानात खेळतेच. मात्रा ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. मोठ्या मुलांनी ती चावून खावी, लहानांना कुस्करून पाण्यातून द्यावी. त्या दिवशी मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी, एवढे पालकांना चिठ्ठीत लिहून कळवा.