अनुभव धागा: विंडचीटरच्या खिशातली वाळू (बेटांवरची दोघांची भटकंती)

पारिजात_कोथरूड
काल पाऊस जोरात आला म्हणून माळ्यावरून यांची जुनी विंडचीटर काढली. खिसा उलटा केला तर चिमूटभर पांढरी वाळू. २०१४ च्या डिसेंबरातली, अंदमानची. मी तिथेच शिडीवर बसून राहिले.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून गेलो होतो. पोहता दोघांनाही येत नव्हतं. हॅवलॉकला एलिफंट बीचवर स्पीडबोटीने गेलो तेव्हा हीच विंडचीटर यांच्या अंगात होती. किनाऱ्यावर उन्मळून पडलेली मोठमोठी झाडं, उन्हाने पांढरी झालेली. स्नॉर्कलिंगच्या मुलाने ट्यूब दिली आणि सांगितलं, नाक विसरा, तोंडाने श्वास घ्या. दोनदा खारं पाणी घशात गेलं. तिसऱ्यांदा मान खाली घातली तर हातभर अंतरावर पोपटी मासे प्रवाळ कुरतडत होते. कुरतडल्याचा आवाज येतो हो पाण्यात! हे विसर्जनालाही घाटाच्या वरच्या पायरीवर थांबणारे. त्यांनी माझं बोट घट्ट धरलेलं, पण मान काही वर काढेनात. मग रात्री जेवेपर्यंत फक्त मासे. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता गुडघे दुखतात, बोटीत चढणं अवघड आहे. म्हणून तुमचं वाचायचंय. कुठलंही बेट चालेल, दोघांनी मिळून केलेलं काहीतरी लिहा.

मुळाकाठ
अंदमानातलंच बाराटांग बेट!! रात्री तीनला उठून निघालो, जिरकाटांगच्या फाटकापाशी गाड्यांची रांग, तिथेच चहा-वडा. पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल, गाड्या ताफ्यानेच सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. तरी आमच्या गाडीतल्या एकाने मोबाइल वर केलाच. नवरा सहसा कुणाला बोलत नाही, त्या दिवशी बोलला. ती माणसं आहेत, त्यांच्या घरातून आपण जातोय. मला फार बरं वाटलं. नंतर खारफुटीच्या बोगद्यातून बोट, चुनखडीच्या गुहा, सगळं सुंदर. पण मी घरी आल्यावर पहिलं हेच सांगितलं.

आभा_के
वाचतेय. कुकर लावून येते.

सहकारनगरी
नीलला (आता शहीद द्वीप) जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी विचारा. लक्ष्मणपूरचा दगडी पूल भरतीत गाठताच येत नाही. आम्ही पहिल्या दिवशी तसेच परत आलो, दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, एक तारामासा. बायको शाळेत विज्ञान शिकवते, ती दोन तास डबक्यांपाशी उकिडवी. तिथले लोक त्या पुलाला हावडा ब्रिज म्हणतात, बंगाली वस्ती ना सगळी. जेवणही तसंच, सुरमईच्या कालवणात मोहरी. मला आवडलं, आईला नाही.

पारिजात_कोथरूड
@सहकारनगरी, आई पण होत्या बरोबर? किती छान!

सहकारनगरी
हो काकू, बोट लागते तिला. आलेपाकाच्या वड्या, बोटीत मधली सीट आणि नजर क्षितिजावर. निभावलं.

टेकडीवरचा
माझी सेल्युलर जेलची आठवण आहे. चालेल ना इथे? सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या, मधे मनोरा. एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसू नये. आता तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीत आम्ही दोघं उभे राहिलो. थोरले भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात होते, तरी सुरुवातीला भावाभावांची भेट नाही. हे शाळेत वाचलं होतं, पण त्या भिंतीपाशी ते अंगावर आलं. ही म्हणाली, मला बाहेर जायचंय. बाहेर समोर निळा समुद्र. बराच वेळ काहीच बोललो नाही.

आभा_के
कुकर झाला. आमचं हॅवलॉकचंच राधानगर बीच. पावणेपाचलाच सूर्य खाली आला. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की डिसेंबरात साडेपाचला काळोख. आम्ही पुण्याच्या हिशेबाने सहापर्यंतचे बेत केले होते. शेवटी पळत पाण्यात. त्याने चप्पल हरवली, परत जाताना माझी एक त्याने आणि एक मी अशी घातली. का कोण जाणे, ती संध्याकाळ सगळ्यात आवडती.

खडकीची_लेक
माझे मिस्टर गेले तीन वर्षांपूर्वी. आम्ही २०१२ ला गेलो होतो. त्यांनी माझ्यासाठी किनाऱ्यावर एक शंख उचलला, मग स्वतःच परत ठेवला. इथून शंख-प्रवाळ न्यायला बंदी आहे म्हणाले. तेव्हा मी थोडी रुसले होते. आज तो शंख अजून तिथेच असेल असं वाटतं तर बरं वाटतं.

मुळाकाठ
ताई 🙏

पारिजात_कोथरूड
खडकीची_लेक, तुमचं वाचून डोळे भरले. भेटूया का कधी? खरंच म्हणतेय.

खडकीची_लेक
नक्की. संभाजी बागेत मी रोज सकाळी असते.

कर्वेरोड_९
पारिजात काकू, गुडघ्यांचं मनावर घेऊ नका. रॉस बेटावर बॅटरीच्या गाड्या आहेत, माझ्या सासऱ्यांना तसंच फिरवलं. वडाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या भिंती, अंगाशी येणारी हरणं. धक्क्यावर बोटवाली मुलं दोन्ही हात धरून उतरवतात.
आणि पोहायचं असेल तर आधी टिळक तलावावर शिका. आम्ही दोघं चाळिशीत शिकलो, मग स्कूबा. परतीच्या विमानाआधी मात्र एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, डायव्हिंगनंतर लगेच उडायचं नसतं.

आभा_के
विषयांतर: विंडचीटरला बुरशी नव्हती का? माझ्या रेनकोटला दरवर्षी येते.

पारिजात_कोथरूड
अगं पूर्ण वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते, सोबत कापूर.
सगळं यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मासे नुसते पोपटी नव्हते, पोटाशी निळे होते, तेवढं दुरुस्त कर. आणि रॉसच्या गाड्यांचं परत एकदा वाचायला लावलं.

कर्वेरोड_९
काकू, जानेवारीत जा. काही लागलं तर विचारा.

आभा_के
कापूर साधा की भीमसेनी?