"पट्टे पडले म्हणजे डिझायनर कच्चा" म्हणणाऱ्यास उत्तर

रंगारी_सातरस्ता:
काल इथं एकानं लिहिलं, "गडद ग्रेडियंटला (एका छटेतून दुसरीत हळूहळू जाणाऱ्या रंगाला) पट्टे फक्त शिकाऊ पोरांचे पडतात. जमत नसेल तर सपाट रंग भरा." डोकं फिरलं. बारा वर्षं फ्लेक्सची कामं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.
आठ बिटच्या फाइलला एका चॅनलमागे, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतल्या एकेका रंगामागे, उजेडाच्या २५६ पायऱ्या. रात्रीचं आकाश करताना मी १२ वरून ३६ वर जातो, म्हणजे हातात पायऱ्या २४. रुंदी १९२० पिक्सेल धरली तर एकेक पट्टा ८० पिक्सेलचा. तो दिसणारच. आकाश निळसर केलं की तिन्ही चॅनल वेगवेगळ्या जागी पायरी बदलतात, मग कडांना हिरवट-जांभळट झाक. यात माझं शिक्षण कुठं कमी पडलं?

कडक_भाकरी:
तो "एक" मीच. गणित मलाही येतं. पण गणित येऊनही पट्टे तसेच सोडणारा कच्चाच की! ग्रेडियंट टूलचा 'डिदर', म्हणजे शेजारच्या छटांचे पिक्सेल विखरून मिसळणं, चालू होता का? फाइल १६ बिटात घ्यायची, ब्लर-बिर तिथंच उरकायचं, शेवटी एक टक्का मोनोक्रोमॅटिक नॉइज (एकरंगी बारीक ठिपके). पाच मिनिटांचं काम. बारा वर्षं काय करायलास?

रंगारी_सातरस्ता:
ऐक मग. गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा बोर्ड होता, मिरवणुकीतल्या नंदीध्वजांमागं रात्रीचं आकाश. नॉइज टाकलेलाच होता. गिऱ्हाइकाला प्रूफ (छापायच्या आधीचा नमुना) मोबाईलवर पाठवलं, जाताना जेपेग दाबलं गेलं, बारीक नॉइज पहिला मेला आणि पट्टे परत आले. "आकाशाला टाके घातलेत का?" म्हणाला. नॉइज वाढवला तर "ठिपके काढा." छापल्यावर दोन्ही दिसलं नाही, पण पैसे निम्मेच दिले.

होटगी_रोड:
आधी दोष फाइलचा की स्क्रीनचा ते तरी बघा. झूम १०० टक्के करा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) लावा. दोन्हीकडं आकडे ठाम आणि फरक एकाचाच, तर फाइलमध्येच पायरी आहे. आकडे आलटून पालटून येतायत आणि तरी पट्टा दिसतोय, तर पॅनेलवर संशय घ्या. स्वस्त लॅपटॉपचे पॅनेल बऱ्याचदा सहा बिटचे, म्हणजे ६४ च पायऱ्या, बाकी शेजारच्या छटा भराभर लुकलुकवून भागवतात. आणि कोरलड्रॉमध्ये फाउंटन फिलच्या (तिथल्या ग्रेडियंटच्या) स्टेप्स कमी आकड्यावर लॉक असतील तर नॉइजचं नाव काढू नका, आधी ते कुलूप उघडा.

मागावरचा:
तुमचं डिदर आमच्या घरात जुनं आहे. वडील मागावर विणायच्या वॉल हँगिंगचे नक्षे करायचे, ग्राफवर एकेक चौकोन भरून. धागे दोनच रंगांचे, त्यात माणसाचा चेहरा उठवायचा. आठ धाग्यांच्या सॅटिन विणीत आडवा धागा एकदा वर, मग दोनदा, असं सातापर्यंत. छटा सातच! एक छटा संपून दुसरी सुरू होते तिथं सरळ रेघ आली की गालावर पट्टा. म्हणून ते सीमेवर दोन्ही विणी एकमेकींत विखरून टाकायचे.

कडक_भाकरी:
इथं जेकार्ड (नक्षीचं विणकाम) कशाला? उद्या शेंगाचटणीचं डिदर सांगाल.

मागावरचा:
कशाला म्हणजे? फ्लॉइड-स्टाइनबर्गची डिदरची पद्धत १९७६ ची, ती पाठ करून मिरवता. गावातला माणूस तोच विचार हातानं करत होता, त्याचं काही नाही? बाहेरची चादर "सोलापुरी" म्हणून खपते, ते असल्याच बेपर्वाईनं.

होटगी_रोड:
झालं, आता चादरीचं भांडण.

मागावरचा:
लागू दे! खऱ्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उठते, रंग उलटे. छापील माल उलटून बघितला की कळतो. आमच्या घरचे माग भंगारात गेले आणि इथं कोण कच्चा यावर वाद.

रंगारी_सातरस्ता:
काका, रागावू नका. सीमेवर विखरून टाकायचं म्हणालात ते मला उपयोगाचं आहे. मी नॉइज सगळ्या बोर्डावर मारत होतो, म्हणून प्रूफमध्ये चेहऱ्यावर ठिपके दिसले. मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त आकाशावर टाकायला पाहिजे होता.

कडक_भाकरी:
म्हणजे चुकलास.

रंगारी_सातरस्ता:
नॉइजमध्ये चुकलो. पट्ट्यांत नाही.

कडक_भाकरी:
बरं बाबा, पट्टे गणिताचे, ठिपके तुझे. खूश? आता प्रूफ पीएनजी करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवत जा, दाबलं जाणार नाही. हे फुकट सांगतोय, राहिलेले निम्मे पैसे माझ्याकडं मागू नकोस.

मागावरचा:
वडिलांचा एक ग्राफ अजून आहे घरात. कुणाला बघायचा असेल तर या. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, पण गाल शाबूत आहे.