'खाडा' लिहू की 'वेतनकपात'?

जळगावच्या एमआयडीसीत आमच्या चटईच्या कारखान्यात यंदा पगाराचं सॉफ्टवेअर आलं. कामगारांना मोबाइलवर पगारचिठ्ठी मराठीत दिसावी म्हणून त्यातले चाळीसेक शब्द मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधी हे तर सरकारी कागदांवरून तोंडपाठ झालेले शब्द, त्यात अर्धा तासही गेला नाही. अडलं ते 'लॉस ऑफ पे'ला. मी 'वेतनकपात' लिहून मोकळा झालो.

पहिल्याच महिन्यात लूमवरचा एक जण मोबाइल पुढे करून उभा. "भाऊ, मना तीन दिन कोठे गयात?" म्हटलं, खाडे झाले ना तुमचे. तर म्हणाला, मग खाडा असंच लिहा की, कापले कशाला म्हणता!

त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं असतं, पण चिठ्ठी नीट पाहिली आणि चूक सापडली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,000, महिना 26 दिवसांचा, म्हणजे रोज पडला 500. तीन खाड्यांचे 1,500 गेले की कमाई 11,500. फंड त्याच्यावर 12 टक्के, म्हणजे 1,380. पण मी शब्दाच्या नादात ती ओळ 'कपाती'च्या खान्यात टाकली होती. त्यामुळे फंड पूर्ण 13,000 वर निघाला, 1,560. फरक 180 रुपयांचा. कपात मिळवलेल्या पैशातून होते आणि खाड्याचा पैसा मुळात मिळवलेलाच नसतो, हे त्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं.

तर प्रश्न असा: 'खाडा' हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये चालेल का? फार गावंढळ वाटेल का? आणि 'सीटीसी'ला, म्हणजे एका माणसामागे कंपनीला वर्षाला पडणाऱ्या एकूण रकमेला, काय म्हणावं? 'कंपनीचा खर्च' लिहिलं तर लोकांना चहापाण्याचा खर्च वाटतो.

उत्तर, धुळ्याहून

बिनधास्त चालवा. आमच्या आजोबांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी असायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं. 'साल कितीचं ठरलं?' असं विचारायचे, म्हणजे साल हा शब्दच त्या आकड्याचा झाला होता. रोख रकमेवर वर्षाचे दाणे, दोन कपडे, एक जोडा. यातलं काही रोख मिळे, काही वस्तूत, पण बोलताना सगळं मिळून एकच साल. तुमचं सीटीसी वेगळं काय आहे? मालकाच्या वाट्याचा फंडही त्यात धरलेला असतो आणि तो दर महिन्याला हातात पडत नाही. मी तरी 'वर्षाचा ठरलेला एकूण आकडा' असं लिहीन आणि खाली बारीक अक्षरात 'मालकाच्या वाट्याचा फंड धरून'.

खाड्यांचं म्हणाल तर आजोबा गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढायचे. आखाजीला रेघा मोजून तेवढे दिवस सालदाराने पुढे भरून द्यायचे. पैसा कापायचा विषयच नाही. (उचल मात्र सालातून वळती व्हायची. 'अॅडव्हान्स'ला 'अग्रिम' लिहिलं असेल तर आधी ते बदला. उचल म्हणा, सगळे ओळखतील.)

उत्तर, चोपड्याहून

माझा पगार शालार्थमधून, म्हणजे शाळांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतून निघतो, म्हणून जरा दुसरी बाजू. खाडा म्हणजे न सांगता घरी राहणं. अर्ज केला, मंजूर झाला, पण रजा शिल्लक नाही, ती बिनपगारी रजा. दोन्हींत पैसा सारखाच जातो, पण हीच चिठ्ठी कर्जासाठी बँकेत गेली की 'खाडा' वाचून साहेबाच्या कपाळावर आठी येते. दोन शब्द ठेवा, दोन ओळी ठेवा.

'एरिअर्स'ला 'थकबाकी' लिहिलं असेल तर काढा. थकबाकी वाचली की वीजबिल आठवतं, आपणच कुणाचं तरी देणं लागतो असं वाटतं. आम्ही सातव्या वेतन आयोगाच्या पाच हप्त्यांना कायम 'फरक' म्हणत आलो. 'ग्रॉस'ला 'ढोबळ वेतन' पण नको. ढोबळ म्हणजे अंदाजे. पगार अंदाजे असतो का?

उत्तर, भुसावळहून

'व्यवसाय कर' कुणी विचारला नाही अजून? आमच्याकडे दर फेब्रुवारीत रांग लागते. अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. घटनेनेच त्यापुढे जाऊ नका म्हणून रेघ आखून दिलेली. शंभर जास्त का, हे समजावता येतं. पण एकाने विचारलं, "साहेब, मी नोकरी करतो, व्यवसाय कुठे करतो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्द कायद्याचा आहे, बदलता येत नाही. बायकांना महिना 25,000 पर्यंत तो लागत नाही, हेही शेजारी लिहून टाका, निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

मूळ प्रश्नकर्ता

खाडा आणि बिनपगारी रजा दोन्ही घेतले, दोन्ही कमाईच्या बाजूला. उचल, फरक घेतले. ढोबळ गेलं, 'एकूण कमाई' आली. 'नेट पे'ला 'निव्वळ वेतन' होतं, तिथे 'हातात' एवढंच लिहिलं, कारण सगळे तेच विचारतात, "हातमा कितला येस?"

एक बटण मात्र अजून अडलंय. नोकरी सोडणाऱ्याचं देणंघेणं चुकतं करायचं, ते 'फुल अँड फायनल'. इथला शब्द 'हिशोब', दुसरा कुणी वापरतच नाही. पण 'तुमचा हिशोब करून टाकू' ही आमच्या सुपरवायझरची धमकी आहे. काल चाचणीसाठी पडद्यावर 'हिशोब करा' आणलं, तर हजेरीवाला पोरगा खुर्चीतून उठलाच. सध्या तिथे 'शेवटचा हिशोब' ठेवलाय. तेही त्याला आवडलेलं नाही.