वय आणि पिढी यांतला फरक

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी संशोधक विशीतल्या तरुणांची आणि सत्तरीतल्या ज्येष्ठांची बौद्धिक क्षमतेची एकच चाचणी घेतात आणि गुणांतली तफावत म्हणजे वयाचा परिणाम, असे मत मांडले जाते. मला हे पटत नाही, कारण या दोन गटांत वयाबरोबर पिढीही वेगळी असते. या अडचणीवरची वाट एका विद्यार्थ्यानेच दाखवली होती. मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाई यांनी १९५६ साली वॉशिंग्टन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी सिएटलमधील ५०० प्रौढांच्या बौद्धिक क्षमता मोजल्या. पुढे दर ७ वर्षांनी जुन्या सहभागींना पुन्हा बोलावत आणि नव्यांची भर घालत हे काम अनेक दशके चालले. निरनिराळ्या वयाच्या लोकांच्या तुलनेत जी घसरण लवकर सुरू झाल्यासारखी दिसे, ती त्याच माणसांचा मागोवा घेतल्यावर बहुतेक क्षमतांत साठीपर्यंत फारशी आढळली नाही, कारण त्या तफावतीत शिक्षणासारख्या पिढीगत फरकांचा मोठा वाटा होता.

चाचणीची वेळही महत्त्वाची आहे. मानसशास्त्रज्ञ सिंथिया मे, लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले की बहुतांश ज्येष्ठांचे डोके सकाळी उत्तम चालते, तर विद्यार्थ्यांचे दुपारनंतर. म्हणजे विद्यार्थ्यांचे वर्ग संपल्यावर, सोयीची म्हणून दुपारी ४ची वेळ ठेवली, की ज्येष्ठांचे गुण आधीच खाली येतात आणि तक्त्यात ते वयाच्या खात्यावर जमा होतात. मार्गदर्शकांनी हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.