काळजीत हातचा का सुटतो

"मूड खराब असला की डोकंच चालत नाही" असं आपण सहज म्हणतो, पण सगळं डोकं बंद पडत नाही. फटका बसतो तो कार्यस्मृतीला, म्हणजे काम संपेपर्यंत दोन-चार गोष्टी मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेला. ३७ × ८ तोंडी करताना ५६ मधला हातचा ५ लक्षात ठेवून ८ × ३ करायचं असतं. काळजीचे विचार नेमकी तीच जागा अडवतात, हातचा सुटतो आणि २९६ ऐवजी २४६ येतं. पाढे मात्र चुकत नाहीत, ते पाठ असतात. म्हणून अशा वेळी हातचा कागदावर मांडावा.

मुलांना परीक्षेआधी "टेन्शन घेऊ नकोस" सांगून खरंच काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या प्रयोगांत, पेपरआधी १० मिनिटं स्वतःच्या भीतीबद्दलच मोकळेपणाने लिहिल्यावर जास्त धास्तावणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. भलत्याच विषयावर लिहून तो फायदा झाला नाही.

उदासीचं गणित वेगळं आहे. मानसशास्त्रज्ञ जोसेफ फोर्गास यांच्या प्रयोगांत किंचित उदास माणसं तपशील जास्त बारकाईने पाहताना दिसली. पण ही सौम्य, तात्पुरती उदासी. दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवा.